कुलूप शाबूत, कोयंडा तुटलेला

मराठी पेपरातली घरफोडीची बातमी वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघते. अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला, कपाटातले दागिने आणि रोख रक्कम असा एकूण अमुक हजारांचा ऐवज लंपास केला, श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, पण श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले. नाव आणि आकडा बदलायचा, बाकी टेम्प्लेट तेच. मी लहानपणापासून ही बातमी शेकडो वेळा वाचली असेल. डिसेंबर २०२४ मध्ये ती आमच्या घराची होती.

तर मंडळी, या वीकेंडला कोड नाही, गॅजेट नाही (म्हणजे थोडंसं आहे, पण ते नंतर). आज घरफोडी.

आमचं गाव घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड. पुण्यात कुणी विचारलं तर 'अंबाजोगाईजवळ' म्हणून मोकळा होतो. पण अंबाजोगाईला रेल्वे नाही आणि आमच्याकडे परळी–लातूर रोड मार्गावरचं स्टेशन आहे, याचा माज मनातल्या मनात असतोच :) गावात आई आणि दादा दोघंच राहतात. दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. मी पुण्यात, ताई लातूरला. मार्गशीर्षातली लग्नसराई होती, ताईच्या सासरकडचं लग्न होतं म्हणून दोघं दोन रात्रींसाठी लातूरला गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या आजींचा दादांना फोन आला. "गुरुजी, तुमचं दार उघडं दिसायलंय. तुमी आलाव का?"

दादा आले नव्हते.

मी दुपारच्या बसने निघून रात्री पोचलो. तोवर पोलीस येऊन गेले होते, पंचनामा झाला होता, ठसे घेऊन झाले होते. (आणि हो, श्वान स्टेशन रोडपर्यंत जाऊन खरंच घुटमळलं होतं.) रोख रक्कम किरकोळ होती. गेलं ते आईचं गंठण, चांदीची निरांजनं आणि आजीची बोरमाळ. ती बोरमाळ आईला तिच्या आईने दिलेली, ताईच्या मुलीसाठी ठेवलेली. सोनाराच्या हिशेबाने बोरमाळेचं वजन गंठणापेक्षा कमी. आईच्या हिशेबाने उलटं.

घरभर ज्वारी सांडलेली होती. चोरांनी कोठीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं होतं, कारण बाया दागिने धान्यात लपवतात हे त्यांना माहीत असतं. पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका असं सांगितल्यामुळे आई त्या ज्वारीतून अंग चोरून चालत होती. पोलीस गेल्यावर तिने आधी ज्वारी गोळा केली आणि मग कपाटातली प्रत्येक साडी धुवायला काढली. घडी न मोडलेलीसुद्धा. ताई म्हणाली, अगं या तर स्वच्छच आहेत. आई म्हणाली, "कुणाचे हात लागलेत काय माहीत."

पुढचे पंधरा दिवस मी गावातूनच काम केलं. त्या दिवसांत जे दिसलं ते लिहितोय, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांचे आईवडील असेच कुठल्यातरी गावात दोघंच राहतात हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते कुलूप. आमच्या पुढच्या दाराला भक्कम, नावाजलेल्या कंपनीचं कुलूप होतं. ते उंबऱ्याशी पडलेलं होतं, बंद अवस्थेत, अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्यात कोयंडा तसाच अडकलेला, आणि कोयंड्याला चार पाऊण इंची स्क्रू लोंबत होते. म्हणजे कुलपाला कुणी हातच लावला नव्हता. पहार घातली होती कोयंड्याच्या मागे, आणि वाळून भुसा झालेल्या चौकटीने चारही स्क्रू गुपचूप सोडून दिले होते. सुतार बघून म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे, साहेब." पेपरातली ती बातमी 'कुलूप तोडून' न म्हणता 'कडीकोयंडा तोडून' का म्हणते, ते मला त्या दिवशी कळलं. भाषा अगदी अचूक आहे!

आपल्या धंद्यात हे सगळ्यांना पाठ असतं. एन्क्रिप्शन कुणी फोडत बसत नाही, कुणाचातरी पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो तो वाचतात. घराच्या बाबतीत मात्र आपण कुलपाची किंमत बघतो आणि ते कशात अडकवलंय ते बघत नाही.

मग लोखंड-लाकडाची कामं काढली. कोयंडा आरपार नटबोल्टने बसवला, आतून पट्टी आणि नट, म्हणजे बाहेरून उपटायचा तर अर्धी फळी घेऊन यावं लागेल. मागच्या दाराची अवस्था याहून वाईट होती, तिथं तर नुसती कडी. आजोबांच्या माळवदाच्या घरात दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खोबणी होत्या आणि रात्री जाडजूड अडसर सरकवला जायचा. नवं घर बांधताना अडसर जुनाट म्हणून गेला आणि त्याच्या जागी सहा इंची नाजूक कडी आली. मागच्या दाराला आम्ही परत अडसर केला, लोखंडी. पुढच्या दाराला आत बसणारं इंटरलॉक घातलं. कारण बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'घरात कुणी नाही' अशी पाटीच की. सगळा खर्च माझ्या एका वीकेंडच्या हॉटेलिंगपेक्षा फार नव्हता.

मग अर्थातच कॅमेरा. दादांचा विरोध होता. ओसरीवर कॅमेरा लावला तर आई दिवसभर त्याच्यासमोर निवडत-टिपत बसणार आणि मी पुण्यातून बघणार, हे त्यांना पटेना. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी कॅमेरा फाटकाकडे आणि गल्लीकडे तोंड करून लावला, घराकडे पाठ. कॅमेरा लावणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर जाताना डीव्हीआरही घेऊन गेले, ही बातमीसुद्धा आता टेम्प्लेट झाली आहे. फूटेजची एक प्रत घराबाहेर, क्लाऊडवर जाऊ द्या. दोन, आमच्याकडे लाईट कधीही जाते, म्हणून कॅमेरा आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या आणि फाटकावर सोलरचा सेन्सर दिवा लावा. तीन, कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या मालवेअरने जगभरातले असे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले ते केवळ फॅक्टरी पासवर्ड वापरून. त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला 'डाइन' या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट्स काही तास लंगड्या झाल्या. चोरावर नजर ठेवायला आणलेली वस्तू स्वतःच चोराच्या टोळीत सामील, असा प्रकार.

आता कागद. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुन्या ३८०, ४५४, ४५७ या कलमांऐवजी आता घरातल्या चोरीला ३०५ आणि घरफोडीला ३३१ ही कलमं दिसतील. तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवलं पाहिजे, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता म्हणते. तक्रार ऑनलाईन पाठवली तरी चालते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. माहीत असू द्या, कारण अशा वेळी घरातल्या मोठ्यांना काही सुचत नसतं. घरात शिरताना कुणी दिसलं तर लगेच ११२.

एफआयआर लिहिताना खरी अडचण आली दागिन्यांच्या वर्णनाची. बोरमाळेत मणी किती होते? वजन किती? आईला माळ डोळे मिटून हाताला कळली असती, पण आकडे सांगता येईनात. पावती असण्याचा प्रश्नच नाही. ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये आईच्या गळ्यात ती माळ होती, तो फोटो जोडला. तेव्हा आजच एक काम करा. घरातल्या प्रत्येक दागिन्याचा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, वजन लिहा, पावत्या स्कॅन करा. अलीकडच्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षरी एचयूआयडी असतो, तो टिपून ठेवा. दागिना सापडला तर तो आपलाच हे सिद्ध करायला हेच कामाला येतं. आपण कोडचा बॅकअप दिवसातून दहा वेळा घेतो, सोन्याच्या यादीचा एकदा तरी घेऊ.

बँकेचं लॉकर घ्याच, पण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनांनुसार, ज्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या, आग, चोरी, दरोडा अशा कारणांनी लॉकरमधलं काही गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. म्हणजे भाडं दोन हजार असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. आत काय ठेवलंय ते बँकेला माहीत नसतं. आणि घराचा विमा आहे म्हणून निवांत राहू नका. एप्रिल २०२१ पासून आलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांची आहे. त्यातली चोरी म्हणजे असं संकट घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी. आमच्यासारख्या साध्या घरफोडीला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पॉलिसी उघडून बघा.

इथपर्यंतचं सगळं पैशाने आणि स्क्रू-ड्रायव्हरने होतं. पुढचं होत नाही.

तिसऱ्या दिवसापासून घरी लोक भेटायला यायला लागले, जसे दुखवट्याला येतात तसे. चहा होई, हळहळ होई, आणि मग आवाज खाली आणून कुणीतरी म्हणे, "काम कुणाचं आहे ते उघड आहे." आणि बोट गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांकडे. पुरावा? काही नाही. कुणी कुणाला बघितलेलं नाही. तरी दोघा-तिघांनी दादांना सुचवलं की संशयित म्हणून नावं घाला, निदान तपास तरी हलेल.

दादांनी नावं घातली नाहीत. म्हणाले, "ज्याला मी बघितलंच नाही त्याचं नाव कसं लिहू? त्या पालावरची चार पोरं माझ्या हाताखाली शिकली. उद्या पोलीस त्यांच्या दारात गेले तर ती शाळेची पायरी परत चढतील का?"

१८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याने पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी त्या शिक्क्याखालचं जगणं 'उचल्या'त लिहिलं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कायदा गेला, पुस्तक गाजलं, पण आमच्या ओसरीवरचा चहा अजून तिथंच. आईची बोरमाळ गेली हे खरं. पण तिच्या बदल्यात कुणाच्यातरी घरातला पोरगा विनाकारण ठाण्यात बसला असता, तर ती माळ सापडूनही आईच्या गळ्यात राहिली नसती. हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. दादांच्या मागे बसून तिने एवढंच सांगितलं आणि पाहुणे गप्प झाले.

ते गेल्यावर दादा म्हणाले, "चोर कोण ते पोलीस बघतील. आपल्याला बघायचं ते हे, की त्या रात्री गल्लीत होतं कोण?"

आम्ही मोजलं. गल्लीत अकरा घरं. त्यातली सहा त्या रात्री कुलूपबंद. एक आमचं. तीन घरचे जोडीने ऊसतोडीला गेलेले. बीडमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना 'कोयता' म्हणतात, ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि थेट पाडव्याच्या सुमाराला परततात. उरलेल्या दोन घरांतले म्हातारा-म्हातारी मुलांकडे गेलेले, एक जोडी संभाजीनगरला, एक पुण्याला. म्हणजे आयटीने दोन घरं रिकामी केली आणि उसाने तीन. उरलेल्या पाच घरांत एक समोरच्या आजी, नातवंडांना घेऊन झोपलेल्या, ऐकू कमी येतं. (त्यांचा मुलगा-सून पण तोडीलाच. त्यांचं घर बंद नव्हतं ते आजींमुळे.) चोरांनी कुलूप बघून घर निवडलं असेल, पण रात्र आणि गल्ली निवडली ती माणसं नाहीत म्हणून. पूर्वी गावाला वेस असे, रात्री जागल्या फिरे. त्या व्यवस्थेत जातीचा अन्यायही होता, ती परत यावी असं मी म्हणत नाही. पण गस्त घालणं हे कुणाचंतरी काम होतं. आता ते कुणाचंच नाही.

ऑफिसच्या सवयीने मी वाचत बसलो, की याचा अभ्यास कुणी केलाय का. केलाय. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोचडेलच्या किर्कहोल्ट या वस्तीत घरफोड्यांचा सुळसुळाट होता. तिथं लक्षात आलं की एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सर्वात जास्त असते. (कारण साधं आहे. वाट माहीत झालेली असते, आणि गेलेल्या वस्तूच्या जागी नवी येते.) म्हणून त्यांनी सगळ्या वस्तीवर पैसा न ओतता फक्त फोडलेल्या घरांकडे लक्ष दिलं. ज्यांत नाणी साठायची ते वीज आणि गॅसचे मीटर काढून टाकले, दारं-खिडक्या पक्क्या केल्या, आणि प्रत्येक फोडलेल्या घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना फक्त त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. या छोट्या वर्तुळाला त्यांनी 'कोश' म्हटलं, सुरवंटाचा असतो तसा. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्या.

हे मी दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे शेजार म्हण की. त्याला इंग्लंडला कशाला जायचं?" :)

पण त्यांनी काम मात्र शिक्षकासारखं केलं. वहीच्या पानावर अकरा घरं, कोण कधी गावाला, घरी कोण, फोन नंबर काय. कुणी बाहेर जाणार असेल तर आदल्या दिवशी दोन घरांना सांगायचं. मागे राहणाऱ्याने संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायचा, सकाळी अंगणात सडा टाकायचा, दूधवाल्याला नाही म्हणून सांगायचं. ऊसतोडीला गेलेल्या तिन्ही घरांची जबाबदारी दादांकडे, कारण आमचा कॅमेरा त्यांच्या दारांवरूनच जातो. आजींच्या साध्या फोनमध्ये एकचं बटण दाबलं की दादांना फोन लागतो, असं लावून दिलं. त्यांनी पहिल्या आठवड्यात चार वेळा फोन केला. तीनदा मांजर होतं आणि एकदा त्यांना कढी जास्त झाली होती. चालतंय. सिस्टीम टेस्ट झाली.

आईचं काय, हा प्रश्न राहिलाच. महिनाभर तिला झोप लागत नव्हती. रात्री तीन-तीनदा उठून अडसर बघायची. "दार लावलंय हे माहीत आहे मला," ती म्हणायची, "पण झोप लागंना." हे मनाचं दुबळेपण नव्हे. घर म्हणजे जिथं कान बंद करून झोपता येतं ती जागा, आणि नेमकं तेच चोरीला गेलेलं असतं. आम्ही तिला 'विसर आता' म्हटलं नाही. ताईने अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी झोपेसाठी थोडे दिवस गोळी दिली आणि दिवसा बोलत राहायला सांगितलं. बोलायला आजी होत्याच. दुपारी दोघी ओसरीवर बसायच्या, कॅमेऱ्याकडे पाठ करून. गोळी आठ दिवसांत सुटली, ओसरी चालू राहिली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाशिवरात्रीला आई परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेली. दरवर्षी जाते, पण यावेळी नाही म्हणेल असं आम्हाला वाटलं होतं. तर मावशीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आली. घरी दिवा आजींनी लावला होता.

बोरमाळ अजून मिळालेली नाही. तपास चालू आहे असं उत्तर मिळतं, दादा ते उत्तर तारीख टाकून वहीत लिहून ठेवतात.

असो. या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा नेहमीचं 'जेवलीस का' झालं की एक प्रश्न जास्तीचा विचारा, की शेजारी सध्या कोण राहतंय. त्यांचा नंबर घ्या आणि सेव्ह करा. आणि दिवाळीला जाल तेव्हा स्वतःच्या हाताने कोयंडा एकदा हलवून बघा.